आईचा पिन कोणापाशीं असावा?

पूर्वीं घरच्या कर्त्या स्त्रीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची किल्ली, पेटीची किल्ली, दागिन्यांच्या डब्याची किल्ली, अशा साऱ्या किल्ल्या तिच्यापाशीं असत. घरच्या धनावर तिची सत्ता आहे आणि त्या धनाची जबाबदारीहि तिचीच आहे, हें त्या जुडग्यावरून सर्वांस कळे. आज पेटी गेली आणि जुडगाहि गेला. घरचा पैसा बँकेंत गेला आणि बँक मोबाईलांत आली. कमरेच्या किल्लीची जागा आतां चार किंवा सहा अंकांच्या पिननें घेतली आहे. परंतु ही नवी किल्ली पुष्कळ घरांत जिची तिच्यापाशीं राहिलेली नाहीं. आईच्या खात्याचा पिन आठवींतल्या मुलास ठाऊक असतो, आजोबांच्या पेन्शनच्या खात्याचा पिन नातीस ठाऊक असतो, आणि वाण्याचें व दूधवाल्याचें देणें मुलेंच मोबाईलवरून चुकतें करतात. "आम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं, आमची मुलगीच सगळें पाहते," असें पालक मोठ्या कौतुकानें सांगतात.

या कौतुकाविषयींच चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. मुलांची हुशारी आम्हांसहि प्रिय आहे. पण आमच्या मतें ही चाल आईबापांच्याहि हिताची नाहीं आणि मुलांच्याहि नाहीं. ज्याचें खातें त्याचाच पिन असावा, आणि मुलांनीं आपली हुशारी वडील माणसांच्या वतीनें व्यवहार करण्यांत न घालतां तीं माणसें स्वतः व्यवहार करूं लागतील अशा रीतीनें त्यांस शिकविण्यांत घालावी, हें आमचें म्हणणें आहे.

"एवढे अंक माझ्या लक्षांत राहत नाहींत," ही सबब आपण नेहमीं ऐकतों. या सबबीचा विचार पिन प्रथम निघाला तेव्हांच झालेला आहे. २७ जून १९६७ रोजीं लंडनच्या एन्फील्ड भागांत बार्क्लेज बँकेच्या शाखेंत पैसे देणारें यंत्र सुरू झालें. तें ज्यांच्या कल्पनेंतून निघालें त्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ सालीं आपल्याच देशांत, शिलाँग येथें, झाला होता. त्यांनीं उतारवयांत सांगितलेली हकीकत अशी कीं, सैन्यांतील आपला क्रमांक सहा अंकी व पाठ असल्यामुळें गुप्त क्रमांकहि सहा अंकी ठेवावा असें त्यांच्या मनांत होतें. स्वयंपाकघराच्या टेबलापाशीं त्यांनीं पत्नीस विचारलें, तेव्हां आपल्या लक्षांत चारच अंक राहतील असें ती म्हणाली, आणि त्यांनीं चार अंक ठरविले. त्याच काळांत स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो यांनींहि गुप्त क्रमांकावर चालणाऱ्या यंत्राच्या पेटंटासाठीं १९६६ सालीं अर्ज केला होता. पहिलें श्रेय कोणाचें या वादांत आपणांस शिरावयाचें नाहीं. आपणांस इतकेंच पाहावयाचें आहे कीं, एका गृहिणीस तो स्वतः लक्षांत ठेवतां यावा, या विचारानें त्या यंत्रापुरती तरी पिनची लांबी ठरली.

आतां या किल्लीच्या मागें जें कुलूप आहे तेंहि पाहूं. जुन्या कार्डांच्या पाठीवर काळी चुंबकीय पट्टी असे. तिच्यांतील मजकूर प्रत्येक वेळीं तोच असल्यामुळें, एकदां कोणी तो उतरून घेतला कीं दुसरें कार्ड तयार करणें चोरास कठीण नसे. फ्रान्सचे रोलां मोरेनो यांनीं १९७४ सालीं चिपच्या युक्तीचें पेटंट घेतलें. आजच्या कार्डावरील चिप हा एक इवलासा संगणकच आहे. दुकानाच्या यंत्रांत कार्ड घातलें कीं तो त्या एकाच व्यवहारापुरती नवी सांकेतिक खूण तयार करतो. ती कोणीं चोरली तरी पुढच्या व्यवहारास चालत नाहीं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून, इंटरनेटवर कार्डानें पैसे देतांना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पुरावा सक्तीचा केला. २०१८ च्या अखेरीपर्यंत नुसत्या पट्टीचीं कार्डें बदलून चिपचीं कार्डें देण्यास तिनें बँकांना लाविलें. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांस गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्याची मनाई झाली. त्याच्या जागीं टोकन आलें. टोकन म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या बदलीं दिलेला, त्या एका दुकानापुरता चालणारा क्रमांक होय.

मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय ही पद्धति ११ एप्रिल २०१६ रोजीं मुंबईंत जाहीर झाली. तींतहि दोन किल्ल्या आहेत. खातें ज्या मोबाईलशीं व सिमकार्डाशीं जोडलेलें असेल तो मोबाईल हातांत असणें ही पहिली किल्ली, आणि पिन ही दुसरी. पिन टाकतांना तो तेथल्या तेथें सांकेतिक लिपींत गुंडाळला जातो, इतका कीं ज्या ॲपमधून आपण पैसे देतों त्या ॲपलाहि तो वाचतां येत नाहीं. चार अंकांचे दहा हजार निरनिराळे पिन होऊं शकतात. पण दहा हजार वेळां प्रयत्न करून पाहण्यास चोरास सवड मिळत नाहीं, कारण थोडे पिन चुकले कीं दार बंद होतें.

कुलूप इतकें मजबूत झालें म्हणूनच चोरांनीं कुलपाचा नाद सोडून माणसास गांठलें. फोन करून ते गोड बोलतात, भीति घालतात, बक्षिसाचें आमिष दाखवितात, आणि पिन सांगावयास किंवा टाकावयास लावतात. कित्येक वर्षें एक युक्ति फार चालली. "तुम्हांस पैसे पाठवितों," असें सांगून चोर पैसे मागण्याची विनंति मोबाईलवर धाडी. भोळें माणूस पैसे येतील या आशेनें पिन टाकी आणि खात्यांतून पैसे जात. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून अशी मागणी धाडण्याची सोयच बंद करण्यांत आली. एक वाट बुजली, तरी चोर दुसरी शोधतात. त्या सर्वांवर एकच साधा नियम पुरेसा आहे. पैसे देण्यास पिन लागतो. पैसे घेण्यास तो कधींहि लागत नाहीं.

हा नियम नुसता ऐकून अंगीं मुरत नाहीं. जो रोज स्वतः भाजीवाल्याचा चौकोनी कोड टिपतो, पडद्यावर आलेलें नांव वाचतो, रक्कम तपासतो आणि मग पिन टाकतो, त्याच्या हातास तो नियम ठाऊक होतो. ज्याचें सारें काम मुलगा करतो, त्याच्या हातास तो कोठून ठाऊक असणार? आणि चोराचा फोन मुलगा घरीं असेल तेव्हांच येईल असें नाहीं. दुपारीं बारा वाजतां मुलगा शाळेंत गणित करीत असतो आणि आई घरीं एकटी असते. "तुमचें खातें आज संध्याकाळीं बंद होणार," असें बँकेच्या नांवानें कोणी दरडावून सांगतो. तिनें आजवर एकहि व्यवहार स्वतः केलेला नसेल, तर खरें कोणतें आणि खोटें कोणतें हें ती कशावरून ओळखील? मुलानें इतके दिवस तिचे श्रम वांचविले खरे, पण ऐन प्रसंगासाठीं तिला निःशस्त्र ठेविलें.

आपल्या महाराष्ट्रास हा धडा नवा नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला, आणि तो वणव्यासारखा पसरला. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकून घेऊन त्यांनीं जाळले. ज्यांनीं ते रोखे करून दिले होते त्यांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. सहीच्या जागीं नांगराची निशाणी असे, आणि वरच्या मजकुरांत काय आहे तें लिहिणारास ठाऊक असे. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला, त्यांत असे दस्त नेमलेल्या रजिस्ट्रारासमोर व्हावे अशी तजवीज करावी लागली. मूळ दुखणें हें कीं, व्यवहार एकाचा आणि तो समजणारा दुसरा. आज तो दुसरा सावकार नसून पोटचा मुलगा आहे, हा भेद मोठा आहे, हें आम्ही मान्य करतों. पण व्यवहार न समजणाऱ्याची परावलंबी स्थिति मात्र तीच राहते.

आतां मुलांच्या बाजूनें पाहूं. घरांतील पांचशें रुपयांचा हिशेब लागेनासा झाला, तर ज्यास पिन ठाऊक आहे त्याच्याकडेच सर्वांचे डोळे वळतात. मूल निर्दोष असलें तरी त्याला तें सिद्ध करतां येत नाहीं, कारण मोबाईलमधील नोंदींत आईचेंच नांव असतें. शिवाय हातीं पिन असणें हा मोहहि आहे. खेळांतील एखादी वस्तु घेण्यास दहा रुपये लागतात, आणि दहाचे हजार होण्यास वेळ लागत नाहीं. चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रामाणिकपणाची रोज परीक्षा घेणें हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. नियमहि याच दिशेनें जातात. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं काढलेल्या परिपत्रकांत असें ठरविलें होतें कीं, दोष बँकेचाहि नाहीं व ग्राहकाचाहि नाहीं अशी फसवणूक झाली आणि ग्राहकानें कामकाजाच्या तीन दिवसांत ती कळविली, तर त्याच्यावर कांहींच भार पडूं नये. परंतु ग्राहकानें आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळें नुकसान झालें, तर बँकेस कळवीपर्यंतचें सारें नुकसान त्यानेंच सोसावें. त्या शब्दांत मुलाचा अपवाद केलेला नव्हता.

कोणी म्हणतील, "पोटच्या मुलावर विश्वास ठेवूं नये कीं काय?" विश्वास अवश्य ठेवावा. मुलावर विश्वास असला तरी त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही बापानेंच करावयाची असते, आणि त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं. दुसरे म्हणतील, आजोबांची दृष्टि मंद झाली आहे, आजीला वाचतां येत नाहीं. अशा अडचणी खऱ्या आहेत, आणि त्यांसाठीं वाटाहि निघाल्या आहेत. २०२२ च्या मार्चांत, ज्यांच्यापाशीं साधा मोबाईल आहे त्यांनाहि फोन लावून पैसे देतां यावे अशी सोय झाली. २०२४ सालीं यूपीआय सर्कल नांवाची सोय निघाली, तींत खातेदारास घरच्या दुसऱ्या माणसास आपल्या खात्यांतून पैसे देण्याची मुभा देतां येते, आणि त्यासाठीं पिन सांगावा लागत नाहीं. एका प्रकारांत महिन्याची मर्यादा ठरवून देतां येते. दुसऱ्या प्रकारांत प्रत्येक वेळीं खातेदार स्वतः आपला पिन टाकून संमति देतो. काम मुलानें करावें आणि संमति आईची असावी, ही रीत आम्हांस योग्य वाटते.

विद्यार्थिमित्रहो, २०२५ च्या ऑगस्टांत एका महिन्यांतील यूपीआयचे व्यवहार प्रथमच दोन हजार कोटींच्या पुढें गेले. एवढ्या मोठ्या व्यवहारांत आपली आई किंवा आपले आजोबा केवळ तुमच्या बोटाला धरून उभे राहावे, हें तुम्हांस शोभतें काय? या सुटींत एक काम करा. रोज दहा मिनिटें त्यांच्याजवळ बसा. मोबाईल त्यांच्या हातांत द्या आणि आपले हात मागें ठेवा. पहिल्या दिवशीं दहा रुपये तुमच्याच घरांतील दुसऱ्या खात्यावर त्यांना पाठवूं द्या. नांव मोठ्यानें वाचून घ्या, रक्कम वाचून घ्या. पिन टाकण्याची वेळ आली कीं तोंड फिरवा. तुम्हांस जुना पिन ठाऊक असेल तर तो त्यांच्याकडून बदलून घ्या, आणि नवा विचारूं नका. जन्मसाल किंवा ओळीनें येणारे अंक घेऊं नयेत, हें मात्र सांगा. फसवणूक झालीच, तर क्षणाचाहि विलंब न करतां बँकेस व १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावयाचें, हें एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. तीं चुकतील, तोच प्रश्न चारदां विचारतील; तेव्हां रागावूं नका. तुम्हांस पहिलीं अक्षरें गिरवावयास लावतांना त्यांनीं किती दिवस धीर धरला होता, हें आठवा.

आणि पालकहो, "आम्हांला कळत नाहीं" हें वाक्य आतां कौतुकानें म्हणूं नका. शिकण्यास वयाची अट नाहीं, आणि मुलापाशीं शिकण्यांत कमीपणाहि नाहीं. आपली किल्ली आपणच सांभाळावी. त्यानें आपलें धन सुरक्षित राहील, आणि आपलीं मुलेंहि संशयापासून व मोहापासून दूर राहतील.