पाराची उंची

आठ वर्षांपूर्वी एका 'क' वर्ग नगरपालिकेच्या गावात बाजारपेठेतल्या पिंपळाच्या पाराचं सुशोभीकरण माझ्याकडे आलं. जुना पार ओबडधोबड काळ्या दगडाचा, वेळोवेळी सिमेंट थापून डागडुजी केलेला. मी तो अष्टकोनी केला, वर काळं चकचकीत ग्रॅनाइट बसवलं, दुचाक्या चढू नयेत म्हणून स्टीलचं रेलिंग लावलं आणि पाराला टेकून बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांची मागच्या गल्लीत 'स्वतंत्र व्यवस्था' नकाशावर दाखवली. फीत कापली, बँड वाजला. पुढच्या वैशाखात अंतिम बिलासाठी गेलो, तर पार रिकामा. पूर्वी सावलीबरोबर पाराभोवती सरकत बसणारी म्हातारी मंडळी समोरच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसली होती. एका आजोबांना विचारलं. "बूड भाजतं की हो साहेब," ते म्हणाले, "आणि बसून बघायचं काय? बाजार तर तुम्ही तिकडं नेला."

ग्रॅनाइटची चूक पुढच्या कामात दुरुस्त करता येते. दुसरी चूक मात्र आपण सगळेच, नकाशामागून नकाशा, करत आलो आहोत. जागा आधी मोकळी करायची, मग ती सुंदर करायची आणि मग तिथे माणसं येतील अशी वाट बघायची.

विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकानं सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून, वही घेऊन माणसं मोजली. 1980 साली आलेल्या त्याच्या छोट्याशा पुस्तकातला मुख्य निष्कर्ष ऐकून हसू येतं: बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. आणि माणसांना सर्वात जास्त ओढतात ती दुसरी माणसं. हे आपल्या पारावरच्या आजोबांना वही न घेताच ठाऊक होतं. पण व्हाइटची आणखी एक नोंद आपण उचलायला हवी. एखाद्या चौकात बायकांचं प्रमाण कमी असेल, तर त्या जागेत काहीतरी बिघडलेलं आहे, असं तो मानायचा.

ही कसोटी आपल्या गावांना लावून पाहा. संध्याकाळी सात वाजता नव्या बागेत किती बायका दिसतात? लहान गावातली बाई 'नुसती बसायला' बाहेर पडत नाही, निदान तसं सांगून तरी नाही. ती भाजीला येते, देवळात येते, पोराला घसरगुंडीवर खेळवायला येते आणि त्या निमित्ताच्या कडेला अर्धा तास बसते. निमित्त मागच्या गल्लीत गेलं की तो अर्धा तासही गेला. त्यात स्वच्छतागृह नाही, आणि उजेड कुठला तर हायमास्टचा. हायमास्टनं मैदान लख्ख दिसतं, झाडाखालचा बाक मात्र अंधारातच राहतो. चार हजारांच्या दोन बुटक्या दिव्यांनी जे झालं असतं, ते लाखांच्या खांबानं होत नाही.

फेरीवाल्यांविषयी आपल्या मनात अढी आहे, हे कबूल करू. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांच्या जागा सर्वेक्षण करून, नगर पथविक्रेता समितीशी बोलून ठरवायला सांगितल्या. आपल्या चौकाच्या आराखड्यात मात्र भेळेची गाडी अजूनही 'अतिक्रमण' म्हणूनच येते, तीही हटवण्याच्या रकान्यात. खरं तर रात्री साडेनऊपर्यंत चौकावर डोळा ठेवणारा, दिवा लावणारा आणि पोरीबाळींना ओळखणारा माणूस नगरपालिकेला फुकटात मिळालेला असतो.

मग आपण असं का करतो? आपण मूर्ख आहोत म्हणून नव्हे. दरसूचीत पेव्हर ब्लॉकचा दर आहे, कारंज्याचा आहे, गावाचं नाव चमकवणाऱ्या अक्षरांच्या सेल्फी पॉइंटचाही कुठून तरी बसवता येतो. सावलीचा दर नाही. सल्लागाराची फी कामाच्या रकमेच्या टक्क्यांत, त्यामुळे 'इथे फारसं काही करू नका' हा सल्ला देणाऱ्याला उपाशी राहावं लागतं. निधी मार्चअखेर संपवायचा आणि झाडाला पाच वर्षं लागतात. उरलेलं झाड आपण फरशीनं गळ्यापर्यंत आवळतो. झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढा, असं हरित लवादाला 2013 मध्ये दिल्लीत सांगावं लागलं होतं. आणि अभिन्यासातली दहा टक्के मोकळी जागा? ती नाल्याकडेला, जिथे प्लॉट पडत नाही तिथे.

वाईचे घाट बघायला आपण कॅमेरा घेऊन जातो आणि पायऱ्यांचे फोटो काढून परततो. पायऱ्या उत्तम आहेतच. बसणं, उतरणं, कपडे धुणं, नाटक बघणं, सगळं त्या एकाच दगडी उताराला जमतं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कृष्णाबाईचा उत्सव. तो आळीपाळीनं एकेका घाटावर होतो, भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असा, आणि त्या त्या घाटाची माणसं तो उभा करतात. घाट नुसता 'सार्वजनिक' नाही, तो कुणाचा तरी आहे. आपल्या बागेचं काम पूर्ण झाल्याचा दाखला निघतो, त्या दिवसापासून ती कुणाचीच नसते. देखभालीचा माळी अंदाजपत्रकात असतो तो फक्त पहिलं वर्षभर.

सावंतवाडीचा मोती तलावही असाच. राजवाडा, बाजार, शाळा-कचेऱ्यांची जा-ये यांच्या मधोमध पाणी आहे, म्हणून संध्याकाळी पावलं तिकडे वळतात. तोच तलाव गावाबाहेर तीन किलोमीटरवर असता, तर कितीही सुशोभित केला तरी रविवारपुरताच राहिला असता.

पुढच्या अंकापासून एक बदल करत आहोत. चौक, बाग, घाट, तलाव, बाजार, कोणत्याही सार्वजनिक जागेचा प्रकल्प छापण्यासाठी पाठवताना नकाशांसोबत एक साधा तक्ता जोडावा. काम सुरू होण्याआधीचा आणि काम संपल्यावर वर्षानं: सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री आठ वाजता तिथे किती जण बसले होते, त्यात बायका किती, मुलं किती, काही विकणारे किती. ड्रोननं काढलेली छायाचित्रं नकोत, त्यात माणसं दिसत नाहीत. तक्ता नसेल तर प्रकल्प छापणार नाही, मग तो कितीही देखणा असो.

सुरुवात स्वतःपासून करायची म्हणून गेल्या महिन्यात त्या पाराशी जाऊन आलो. दुपारी चार वाजता पारावर शून्य, दुकानाच्या पायऱ्यांवर नऊ. रात्री आठला पारावर दोघे, रेलिंगला पाठ टेकून मोबाइल बघणारे. मागच्या गल्लीतल्या भाजीवाल्यांपैकी तिघी पुन्हा पाराजवळ सरकल्या आहेत, दंड भरून. मुख्याधिकाऱ्यांना मी पत्र लिहिलं आहे: रेलिंग काढावं, ग्रॅनाइट उचलून जुने दगड भांडारात शिल्लक असतील तर तेच परत लावावेत. फी लागणार नाही.