पदकाआधी नियम

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा या शर्यतीतील २८ अडथळे व ७ पाणउड्या बीड जिल्ह्यात कितीजणांना ठाऊक होत्या? पदक आधी आणि नियम मागाहून, हा क्रम उलटा आहे. पिकलबॉलबाबत तरी तो सुधारावा.

केंद्र सरकारने २०२५ साली या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेस मान्यता दिली. आज ना उद्या तो जिल्ह्यातील शाळांतही येईल. त्याचे मैदान बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच, ४४ बाय २० फूट; जाळे तेवढे खाली बांधावयाचे. सर्व्हिसनंतर दोन्ही बाजूंना चेंडूचा एकेक टप्पा पडल्यावाचून तो अधांतरी मारता येत नाही. जाळ्यालगतच्या ७ फुटांत तर असा फटका निषिद्धच. या बंधनांमुळे दांडगाईला आळा बसतो आणि प्रौढही तरुणापुढे टिकाव धरू शकतो.

परंतु हे नियम मराठीत क्रीडाशिक्षकांच्या हाती पडले पाहिजेत. नियम न जाणणारा खेळाडू पंचाचा निर्णय निमूटपणे सोसतो. जाणणाराच दाद मागू शकतो. ग्रामीण विद्यार्थ्याला रॅकेटीइतकीच या ज्ञानाचीही गरज आहे.