हस्तलिखितात राहिलेल्या तीन सिंफनी

पॅरिसच्या बास्तीय चौकातल्या स्तंभावरची पंखधारी सोनेरी मूर्ती ओग्युस्त द्युमाँ या शिल्पकाराची. १८२३ मध्ये त्याला ‘प्री द रोम’ हा फ्रान्सचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याची धाकटी बहीण लुईझ फाराँक (१८०४–१८७५) त्याच घरात वाढली आणि संगीतरचनेकडे वळली. संगीतासाठीचा हाच पुरस्कार स्त्रियांना १९०३ पर्यंत बंद होता. कॉन्झर्वातवार या सरकारी संगीत विद्यालयातला रचनेचा वर्गही मुलींसाठी नव्हता, म्हणून तिथले प्राध्यापक आंतोन राइखा यांच्याकडे ती खासगीत शिकली. पुढे १८४२ पासून तीस वर्षे ती त्याच विद्यालयात पियानोची प्राध्यापक होती. तरीही तिच्या तिन्ही सिंफनी तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की दर्जेदार संगीत आपल्या बळावर टिकते आणि जे विसरले गेले ते बेताचेच असणार. ऐकायला हे न्याय्य वाटते, पण सिंफनी ही काही गळ्यात राहणारी चीज नव्हे. तिला पन्नासेक वादक लागतात आणि प्रत्येकापुढे त्याच्या वाद्याचा छापील किंवा नकललेला भाग असावा लागतो. त्या काळच्या पॅरिसचा जीव ऑपेरात अडकलेला. सिंफनी छापून पैसा सुटणार नाही, हे प्रकाशकांना पक्के ठाऊक होते. फाराँकची तिसरी सिंफनी १८४९ मध्ये कॉन्झर्वातवारच्या नामांकित वाद्यवृंदाने वाजवली, तीही बेथोवनच्या पाचव्या सिंफनीबरोबर. म्हणजे दर्जाची परीक्षा झालीच होती. उणीव होती ती दुसऱ्या गावातल्या वाद्यवृंदाला मागवता येईल अशा छापील प्रतीची. तिच्या पियानोच्या आणि मोजक्या वाद्यांच्या रचना मात्र छापल्या गेल्या होत्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तिच्या संगीतावर बेथोवनची छाप आहे. आहे, पण ती ब्राम्सवरही आहे. तिसऱ्या सिंफनीची सुरुवातच ऐकावी. ओबो एकटाच, साथीशिवाय, एक संथ ओळ उचलतो. मग इतर सुषिर वाद्ये हळूहळू त्याला येऊन मिळतात आणि सगळा वाद्यवृंद उसळतो तो नंतर. ही धीराची मांडणी तिची स्वतःची आहे. १८५० मध्ये नऊ वाद्यांसाठीच्या तिच्या ‘नोनेत’च्या पहिल्या प्रयोगात तरुण योसेफ योआखिम व्हायोलिनला होता. त्या यशानंतर तिने विद्यालयाचे संचालक ओबेर यांच्याकडे पुरुष सहकाऱ्यांइतका पगार मागितला आणि मिळवला.

विस्मरण कसे घडते हे तिला कोणाहीपेक्षा नीट कळत होते. १८५९ मध्ये पियानोवादक मुलगी व्हिक्तोरीन वारली आणि फाराँकचे रचना करणे जवळजवळ थांबले. त्यानंतर आधी पती आरिस्तीदसह आणि १८६५ मध्ये तोही गेल्यावर एकटीने, तिने ‘ल त्रेझोर दे पियानिस्त’ ही २३ खंडांची माला तडीस नेली. कुपरँ, रामो, स्कार्लात्ती यांच्या जुन्या रचना तिने त्यात शोधून, तपासून छापल्या. उत्तम संगीत आपोआप तरत असते, तर या मालेची गरजच पडली नसती. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फाराँकच्या सिंफनींच्या संशोधित आवृत्त्या निघू लागल्या. तेव्हा कुठे दूरदूरच्या वादकांपुढे तिच्या ओबोची ती एकटी ओळ छापील कागदावर आली.