प्रवाळाचा स्वर्ग आणि त्याचे भाट

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून प्रवासाची एक नवी पायरी अलीकडे निर्माण झाली आहे. पूर्वीं मनुष्य काशीस जाऊन येई. मग तो युरोपास जाऊन येऊं लागला. आतां तो समुद्राच्या तळाशीं जाऊन येतो. पहिली बुडी मालवणास, दुसरी अंदमानास, आणि मुलगा किंवा जांवई अमेरिकेंत असेल तर तिसरी थेट कॅरिबियन समुद्रांत, असा हा क्रम ठरून गेल्यासारखा दिसतो. बुडी मारून आलेला मनुष्य स्वस्थ बसत नाहीं. तो लेख लिहितो. असे लेख गेल्या कांहीं वर्षांत माझ्या वाचनांत इतके आले आहेत कीं, त्यांतील विशेषणें मला लेख न उघडतांहि सांगतां येतील. ‘अस्पर्श’, ‘आदिम’, ‘अनाघ्रात’, ‘सृष्टीच्या पहिल्या दिवसाचें दर्शन’! ह्या विशेषणांविरुद्ध माझी तक्रार आहे. तीं केवळ अतिशयोक्तीचीं असतीं तर मीं लेखणी उचलली नसती. प्रवासवर्णनास थोडी अतिशयोक्ति शोभतेच. तीं खोटीं आहेत, आणि त्या खोटेपणामुळें एका प्रचंड नाशावर पांघरूण पडत आहे.

प्रथम माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतों. २०१९ च्या डिसेंबरांत, पन्नाशी ओलांडल्यावर, एका भाच्याच्या आग्रहास बळी पडून मी बोनेअर बेटावर गेलों. हें बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारें ८० किलोमीटरांवर असून नेदर्लंड्सच्या राज्यांत मोडतें. २०१० पासून त्याचा दर्जा त्या देशाच्या खास नगरपालिकेचा आहे. बेट रखरखीत, निवडुंगांचें, आणि दक्षिणेकडे मिठागरांचें. मिठागरांच्या कडेला गुलामांच्या बुटक्या दगडी झोंपड्या अजून उभ्या आहेत. मोटारींच्या क्रमांकाच्या पाट्यांवर ‘पाणबुड्यांचा स्वर्ग’ अशा अर्थाचे शब्द मीं वाचले. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणीं पिवळे रंगविलेले दगड असतात आणि त्यांवर बुडी मारण्याच्या जागेचें नांव लिहिलेलें असतें. तेथें गाडी थांबवावी, पाठीवर हवेचें नळकांडें बांधावें आणि चालत पाण्यांत शिरावें. थोडें पोहून गेलें कीं तळ उतरता होत होत निळाईंत नाहींसा होतो, आणि त्या उतरणीवर प्रवाळाची वस्ति सुरू होते.

बारा मीटर खोलीवर मीं जें पाहिलें त्याचें वर्णन करण्याचा मोह मी आवरणार नाहीं, कारण तो मोहच ह्या लेखाचा विषय आहे. मेंदूच्या वळ्यांसारख्या रेघांचे मोठाले गोलक. प्रवाहाबरोबर डोलणारे जांभळे सागरपंखे. आणि पोपटमासे खडक कुरतडीत असतां त्यांच्या दांतांचा करकर आवाज, जो पाण्याखालीं स्पष्ट ऐकूं येतो. बोलणें हाच ज्याचा पंचवीस वर्षांचा धंदा, त्याला तोंडांत रबरी नळी धरून पाऊण तास गप्प राहावें लागणें हें एक स्वतंत्र सुख आहे, तेंहि येथें नमूद करतों. वर आल्यावर भाच्यानें माझ्या नांवाची नोंदवही पुढें केली. खोली, वेळ, हवेचा दाब, पाण्याची स्वच्छता, हे सर्व रकाने भरून झाल्यावर शेऱ्याच्या रकान्यांत मीं एकच शब्द लिहिला: ‘अप्रतिम’.

नळकांडीं परत करावयास आम्ही ज्या दुकानांत गेलों, तेथें भिंतीवर एक फिकट झालेलें रंगीत छायाचित्र टांगलें होतें. उथळ पाण्यांत रुंद पंजांच्या, सांबराच्या शिंगांसारख्या फांटे फुटलेल्या पिवळट पोंवळ्यांचें रानच्या रान पसरलें होतें. त्यांतून पोहणारा मनुष्य लहान मुलासारखा दिसत होता. हें कोठलें, असें मीं विचारलें. दुकानांतील वृद्ध गृहस्थानें शांतपणें सांगितलें कीं, सकाळीं तुम्ही जेथून पाण्यांत शिरलांत तेथलेंच, साल १९७८. सकाळीं मला तेथें काय दिसलें होतें? वाळू, आणि मोडक्या काटक्यांसारखा पांढुरक्या तुकड्यांचा खच. ‘खऱ्या’ प्रवाळाकडे जाण्याची घाई असल्यामुळें मीं त्याकडे नीट पाहिलेंहि नव्हतें. एका उद्ध्वस्त नगरीच्या वेशींतून मी चालत गेलों होतों आणि तिला मोकळें मैदान समजलों होतों.

उद्यां एखादा पाहुणा रायगडावर गेला, तेथलीं उघडीं जोतीं त्यानें पाहिलीं, आणि परत येऊन ‘छत्रपतींस छपराची आवड नसावी, काय तें मोकळें, हवेशीर वास्तुशिल्प!’ असें लिहिलें, तर आपण त्या लेखकास काय म्हणूं? आणि तरी बोनेअरचें, कोझुमेलचें किंवा बेलीझचें वर्णन करणारे आमचे लेखक ह्याहून निराळें काय करीत आहेत?

माझ्या बाजूनें साक्ष द्यावयास कोणी पर्यावरणवादी वक्ता नको. एका चिकाटीच्या डच संशोधकानें आंखून ठेवलेल्या कांहीं चौकटी पुरेत. रॉल्फ बाक ह्यांनीं १९७३ मध्यें क्युरासाव आणि बोनेअर ह्या दोन बेटांजवळ चार जागीं, दहापासून चाळीस मीटर खोलीपर्यंत, नऊ नऊ चौरस मीटरांच्या कायमच्या चौकटी ठरविल्या, आणि दर तीन ते सहा वर्षांनीं त्याच चौकटींचीं छायाचित्रें घेतलीं जाऊं लागलीं. १९७३ मध्यें त्या चौकटींतील ३२.६ टक्के जागा जिवंत प्रवाळानें व्यापलेली होती. २०१३ मध्यें ९.२ टक्के. प्रवाळाची जागा प्रथम शेवाळानें घेतली, आणि पुढें २००२ नंतर बुळबुळीत सूक्ष्म जीवांचे थर पसरून २०१३ पर्यंत त्यांनीं २२.२ टक्के तळ व्यापला. म्हणजे ज्यास आम्ही प्रवाळाचा स्वर्ग म्हणतों, त्याच्या मोजलेल्या चौकटींत प्रवाळाच्या दुपटीहून अधिक जागा चिखलासारख्या थरानें खाल्ली होती. हीं बेटें कॅरिबियनमधील सर्वांत दुर्दैवी बेटें नव्हेत. तेथील अवस्था तुलनेनें बरी मानली जाते. जमेकाच्या किनाऱ्यावरील प्रवाळ १९७७ मधील ५२ टक्क्यांवरून १९९० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ३ टक्क्यांवर आला.

हें कसें घडलें ह्याची हकीकत लांब आहे. तिच्यांतील मुख्य गोष्टी तेवढ्या सांगतों. सांबरशिंगी पोंवळ्यांचें रान १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पसरलेल्या एका रोगानें झोडपलें. कांडावर पांढरा पट्टा चढत जाई आणि मागें नुसता सांगाडा राही. १९८३ च्या आरंभीं पनामाजवळ लांब कांट्यांचे काळे सागरी साळू मरूं लागले, आणि सुमारें एका वर्षांत अवघ्या कॅरिबियनमधील त्यांच्या जातीचे शेंकडा नव्वदांहून अधिक जीव गेले. हा साळू म्हणजे प्रवाळाचा माळी. तो शेवाळ खाई म्हणून प्रवाळास उजेड मिळे. माळी मेल्यावर बागेचें जें होतें तें झालें. शेवाळ खाणारे पोपटमासे माणसांनीं आधींच पुष्कळ ठिकाणीं पकडून संपवीत आणले होते. त्यांत भर समुद्राच्या उष्णतेची. पाणी नेहमींच्या कमाल उन्हाळी तापमानाहून अंशभर अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें कीं, पोंवळ्यांतील सूक्ष्म जीव आपल्या शरीरांत राहणारें आणि आपणांस अन्न पुरविणारें शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात, आणि उष्णता ओसरली नाहीं तर उपासमारीनें मरतात. २०२३ मध्यें कॅरिबियन समुद्र असाच तापला. त्याच वर्षीं, २०१४ मध्यें फ्लोरिडाजवळ प्रथम आढळलेला एक नवा रोग बोनेअरला पोहोंचला. कठीण प्रवाळाचे मोठे गोलक वर्षाला फार तर सेंटिमीटरभर वाढतात. पुरुषभर उंचीचा गोलक पेशवाईच्या अखेरीस केव्हां तरी रुजलेला असावा. ह्या रोगानें तो कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत मरूं शकतो. मी ज्यांस ‘अप्रतिम’ म्हटलें त्यांपैकीं किती आज जिवंत असतील, हा प्रश्न मी भाच्यास विचारण्याचें टाळतों.

असें असतां आमच्या लेखकांस हा नाश दिसत कां नाहीं? ते लबाड आहेत असें मी म्हणत नाहीं. डॅनिएल पॉली ह्या मत्स्यशास्त्रज्ञानें १९९५ मध्यें ह्या आंधळेपणाचें नेमकें निदान केलें: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीं जें पाहते तेंच मूळ समजते, आणि पुढची झीज त्या मापानें मोजते, आधींची झीज हिशेबांतूनच गळते. ह्याचा पुरावा पाहावयाचा तर कॅरिबियनच्या उंबरठ्यावरील फ्लोरिडाच्या की वेस्ट गांवचीं छायाचित्रें पाहावीं. हौशी मासेमार दिवसभराची शिकार फळीवर टांगून शेजारीं उभे राहत आणि छायाचित्र काढून घेत. लॉरेन मॅक्लेनॅकन ह्या संशोधिकेनें १९५६ ते २००७ पर्यंतचीं अशीं छायाचित्रें तपासलीं. त्या काळांत टांगलेल्या माशाचें सरासरी वजन सुमारें वीस किलोंवरून २.३ किलोंवर आलें होतें. शेजारीं उभ्या असलेल्या माणसांचें हसू मात्र तेंच आहे. त्या हसणाऱ्यांत मी स्वतःला ओळखलें.

ह्यावर दोन उत्तरें येतात. पहिलें असें कीं, ‘आम्ही तेथें कशासहि हात लावीत नाहीं.’ हें खरें आहे. बोनेअरला हातमोजे घालण्यासहि बंदी आहे, कारण हातमोजे घातलेला हात धीट होतो. परंतु न शिवण्याचें हें सोंवळें मला आपल्या जुन्या सोंवळ्याइतकेंच वरवरचें वाटतें. प्रवाळास बोट लावलें नाहीं म्हणून जो समाधान मानतो, तो हजारों मैल विमानानें येऊन समुद्र तापविणाऱ्या धुरांत आपला वांटा घालून आलेला असतो, आणि तो उतरतो त्या हॉटेलांचें सांडपाणी अनेक वर्षें सच्छिद्र चुनखडकांतून पाझरत त्याच समुद्रास मिळत आलें आहे. शिवाय न शिवण्याचा दावाहि सर्वस्वी खरा नाहीं. जेथें बुड्या फार होतात तेथें जुने मोठे गोलक अधिक घटतात असें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या बोनेअरवरील अभ्यासांत आढळलें. आणि एका जागीं वर्षाकांठीं चारपासून सहा हजार बुड्यांपलीकडे गेल्यास हानि दिसूं लागते, असा अंदाज त्याच बेटाविषयीं १९९३ मध्येंच मांडला गेला होता.

दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे, आणि मी तें आदरानें ऐकतों. ‘आमच्याच पैशावर तो प्रवाळ जगला आहे.’ बोनेअरपुरतें हें पुष्कळ अंशीं खरें आहे. तेथें भाल्यानें मासे मारण्यास १९७१ मध्यें बंदी झाली. सागरी उद्यान १९७९ मध्यें स्थापन झालें. आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून घेतलेल्या दहा डॉलरांवर त्याचा कारभार चालूं लागला. १९६२ मध्यें शिडाच्या जहाजानें तेथें आलेल्या डॉन स्ट्यूअर्ट ह्या अमेरिकन खलाशानें प्रवाळ फोडणाऱ्या नांगरांऐवजीं नौका बांधण्याचे कायमचे तरंगते खुंट बसविण्याचा हट्ट धरला. हें सर्व नाकारणारा मनुष्य कृतघ्न होय. पण मग एवढ्या कडेकोट बंदोबस्तांतहि ३२.६ चे ९.२ झाले, ह्याचा अर्थ काय होतो? बागेस कुंपण घातलें, राखणदार ठेवला, तिकीट लावलें. आणि बागेवरचें आभाळच तापलें. तिकीट काढणाऱ्यानें ही गोष्ट घरीं येऊन सांगितली नाहीं तर ती सांगणार कोण? दुकानदार सांगणार नाहीं. त्याचा चरितार्थ स्वर्गावर चालतो. मासे तर बोलत नाहींत. मोठ्या समाजांत जी इच्छा उत्पन्न व्हावयास पाहिजे, कीं हें परत यावें, त्यासाठीं वाटेल तो त्रास सोसावा, ती इच्छा आमचा प्रवासी लेखक ‘अस्पर्श’ ह्या एका शब्दानें मारून टाकतो. जें अस्पर्श आहे तें परत आणावयाचें कशास? नऊ टक्क्यांस ज्यांनीं पूर्णत्व मानलें, ते उद्यां चारांसहि मानतील.

सत्य सांगितल्यानें सौंदर्याचा रसभंग होईल ही भीति मला निराधार वाटते. रज्जुमार्गाचें तिकीट काढून रायगडावर जाणारा मनुष्य भग्नावशेष पाहण्यासाठींच पैसे मोजतो, आणि येथें काय होतें हें ठाऊक असल्यामुळेंच त्याचा कंठ दाटतो. मला त्या छायाचित्रानंतर दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच जागीं बुडी मारावयाची होती. काटक्यांच्या खचापाशीं मी थांबलों. त्यांत एका ठिकाणीं सांबरशिंगी पोंवळ्याचा, माझ्या हाताच्या पंजाएवढा, पिवळट जिवंत कोंब होता. आदल्या दिवशीं मी त्याच्यावरून पोहत गेलों असलों पाहिजे.

तेव्हां जावयाचेंच नाहीं काय, असें मला विचारतात. ज्यास जाणें परवडतें त्यानें जावें, पण साक्षीदार म्हणून जावें. पाण्यांत शिरण्यापूर्वीं येथें चाळीस वर्षांमागें काय होतें हें तेथल्या वृद्धास विचारावें. छायाचित्र काढलें तर त्यावर तारीख, जागा आणि खोली लिहावी, आणि तें नोंदी ठेवणाऱ्यांच्या हवालीं करावें. आणि परत आल्यावर लेख लिहावयाचाच असेल तर त्यांत निदान एक तरी जुना आंकडा असावा. माझ्या नोंदवहींतील ‘अप्रतिम’ हा शब्द मीं खोडलेला नाहीं, कारण तो माझ्या अज्ञानाचा दाखला आहे. त्याच्यापुढें कंसांत १९७८ एवढेंच लिहून ठेवलें आहे.