पिल्लू आणायची घाई

हौसेला मोल नाही म्हणतात. पण ते मोल कधी कधी भलत्यालाच चुकवावं लागतं. लांबून कुत्र्याचं पिल्लू आणताना हे हमखास होतं. आणणारा खुशीत, घरची मुलं दारात उभी, आणि ज्याच्यासाठी हा थाट, ते पिल्लू मात्र त्याच दिवशी आई, भावंडं आणि ओळखीचा वास असं सगळं एकदम हरवून बसलेलं असतं!

विषय निघाला आमच्या पुतण्यामुळे. शेतावर राखणीला त्याला मुधोळचंच कुत्रं हवं आहे. निवड वाईट नाही. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान, आता कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. आपल्याकडे या कुत्र्याला कारवानी म्हणतात. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखं पळणारं. २००५ साली डाक खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं, आणि २०१६ मध्ये सैन्यानेही मेरठला त्याचं प्रशिक्षण सुरू केलं. माझं म्हणणं कुत्र्याबद्दल नाहीच, वेळेबद्दल आहे.

विकणारा म्हणतो, पिल्लू पस्तीस दिवसांचं झालं, मे महिन्यातच घेऊन जा. पुतण्या म्हणतो, "काका, लहान असतानाच आणलं की लळा लागतो." मी त्याला म्हटलं, "बाबा रे, दूध तुटायच्या आत बालवाडीत बसवलेलं पोर हुशार होत नाही, किरकिरं होतं." चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचं, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं. ती शाळा आपल्याला घरी भरवता येत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. म्हणजे हा नुसता म्हाताऱ्याचा हट्ट नाही!

आता प्रवास बघा. मुधोळहून विजापूर, सोलापूर, लातूर, नांदेड, हिंगोली करत वाशीम, असा साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा पल्ला. गाडीने बारा तास तरी सहज. रेल्वेचं म्हणाल तर स्लीपर किंवा थ्री टियरच्या डब्यात कुत्रं नेता येत नाही. फर्स्ट एसीची अख्खी कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. तान्ह्या जिवाला त्या पेटीत एकटं ठेवायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणि वैशाखातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पिल्लू दहा मिनिटंसुद्धा ठेवू नये.

दुसरी भीती पार्व्होची. लसीचे डोस पुरे झालेले नसताना धाब्यावर, बसस्टँडवर पिल्लू खाली सोडलं, की जिथे दहा कुत्री फिरून गेली तिथलीच माती ते हुंगणार. या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. रक्ताची हगवण लागली की पिल्लू दोन-चार दिवसांत हातचं जातं. म्हणून पहिली लस तिथेच टोचून घ्यावी, कागद हातात घ्यावा, मगच निघावं.

आणायचंच तर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर निघा. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नका, नाहीतर वाटेत उलट्या होतात. पाणी मात्र थोडं थोडं द्या. आईच्या अंगाखालचं फडकं मागून घ्या आणि टोपलीत अंथरा. त्या वासाने निम्मं रडणं थांबतं. सोबत दुसरा माणूस हवाच, म्हणजे एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने फक्त पिल्लाकडे बघायचं.

पस्तीस दिवस आणि आठ आठवडे यांत अंतर फक्त तीन आठवड्यांचं. तेवढं थांबलं तर मृगही लागतो, ऊनही उतरतं. पुढची दहा-बारा वर्षं जे आपल्या दारात रात्रभर जागणार, त्याच्यासाठी एकवीस दिवस थांबणं काही फार नाही. पटतं का बघा.