उरलेल्या अन्नाचा धनी

घरातले लहानखुरे कुत्रे दहा-बारा वर्षांचे झाले, की महिन्यातून एक-दोनदा त्याचे पोट बिघडते. पहाटे ते पिवळा फेस ओकते, दिवसभर कोपऱ्यात पडून राहते, संध्याकाळी जुलाब होतात आणि दोन दिवसांनी पुन्हा शेपूट हलवत दाराशी येते. पुण्या-ठाण्याच्या, नागपूर-नाशिकच्या हजारो सदनिकांत हे चालले आहे. ज्याला आपण सर्रास पॉमेरियन म्हणतो आणि जे बहुधा इंडियन स्पिट्झ असते, ते पाच-सहा किलोचे पांढरे कुत्रे तिथे म्हातारे होत आहे, आणि त्याच्या दुखण्यावर सारे घर एकच निदान करते : वय झाले. हे निदान आपल्याला सोयीचे आहे, कारण वयाला आरोपी करता येत नाही. आपल्या आज्या आणि आया पोट धरून स्वयंपाकघरात वावरल्या तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो. जो जीव तक्रार करत नाही त्याचे दुखणे वयाच्या खाती टाकण्याची ही सवय आपल्याला वारशाने मिळाली आहे, आणि तिची झळ आता आपण एका मुक्या प्राण्यापर्यंत पोहोचवली आहे.

या दुखण्याचे मूळ शोधायला लागलो की ते आपल्या दोन सद्गुणांपाशी जाऊन थांबते, आणि म्हणूनच ते शोधायला कोणी धजत नाही. पहिला सद्गुण म्हणजे अन्न टाकू नये. दुष्काळ पाहिलेल्या पिढ्यांनी हा संस्कार दिला आणि तो पवित्रच होता. पण आज फ्रिज भरलेले आहेत, गरजेपेक्षा जास्त शिजवले जाते, आणि पान वाया घालवल्याची टोचणी तर शिल्लक आहे. ती टोचणी घालवायला घरात एक वाडगे ठेवलेले असते. कालची आमटी, रश्शात बुडवलेली भाकरी, मटणाची चरबी, शिऱ्यातले बेदाणे, सणानंतर आंबट होऊ लागलेले श्रीखंड, सगळे त्या वाडग्यात जाते आणि आपण पापातून मोकळे होतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षे आणि बेदाणे त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. तेलकट-तुपकट पदार्थ स्वादुपिंडाला सूज आणू शकतात आणि लहान चणीच्या, उतारवयातल्या कुत्र्यात ती सूज पुन्हा पुन्हा उलटते. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दूधही पचत नाही. ही माहिती आता गुप्त राहिलेली नाही. ती आपल्या कानांवर आलेली आहे आणि आपण म्हटले आहे, ‘आमच्याकडे सगळे खातो तो, काही होत नाही.’ होते ते कोपऱ्यात पडून होते.

दुसरा सद्गुण आग्रहाचा. समोरच्याला वाढल्याशिवाय आपले प्रेम आपल्यालाच पटत नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो. नामदेवांना त्या कुत्र्यात देव दिसला होता. आपण त्या कथेतले फक्त तूप उचलले. पाच किलोच्या वयस्क कुत्र्याची दिवसाची गरज साधारण तीनशे कॅलरींची. एका लहान ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात. म्हणजे सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी चार बिस्किटे दिली की दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. मग सुनेने तूप लावलेली पोळी दिली, नातवाने चिप्स दिले, स्वयंपाकाच्या मावशींनी दया येऊन दुधाची साय दिली. प्रत्येकाने एकेकट्याने, बाकीच्यांच्या नकळत. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘काल काय काय खाल्ले?’ आणि चौघे एकमेकांकडे पाहू लागतात. एका जिवाच्या पोटात काय गेले हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या घरात नसतो, आणि तरीही त्या जिवावर आपले निरतिशय प्रेम आहे असे चौघेही शपथेवर सांगतील.

या प्रेमाचे आंधळेपण कुठवर जाते ते पाहा. पोटात तीव्र कळ आली की कुत्रे पुढचे पाय जमिनीवर पसरते आणि मागचा भाग उंच ठेवते. असे वाकल्याने त्याला थोडा उतार पडत असावा. खेळायला बोलावतानाही कुत्रे असेच वाकते, पण तेव्हा ते लगेच उसळी मारते. दुखणाऱ्या पोटाचे कुत्रे तसेच राहते, पुन्हा पुन्हा तसेच करते. आपल्या घरांत त्याचे चित्रण होते आणि नातेवाइकांच्या गटावर जाते : बघा, आमचा बाळ नमस्कार करतोय. रात्री त्याच बाळाला जुलाब आवरत नाहीत आणि दिवाणखान्यातला गालिचा खराब होतो. तेव्हा त्याचे नाक त्या घाणीत घासले जाते, पाठीत वर्तमानपत्राची सुरळी बसते आणि उरलेली रात्र ते गॅलरीतल्या फरशीवर बांधलेले असते. दिवाळीत फराळ आणि फटाके एकत्र येतात. भीतीनेही कुत्र्याचे आतडे बिघडते. अशा वेळी घरातल्याच डब्यातली गोळी त्याच्या घशात कोंबली जाते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी आपली वेदनाशामके त्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडावर घाव घालतात. साधा जुलाब दिसला की मेट्रोनिडॅझोलसारखे प्रतिजैविक मागून आणणारे तर सुशिक्षितच असतात. साधे जुलाब बहुधा औषधाविना थांबतात आणि प्रतिजैविकाने आतड्यातल्या उपयुक्त जंतूंची घडी पुढे कित्येक आठवडे विसकटते, हे त्यांना विचारावेसेही वाटलेले नसते.

करायचे काय, ते अवघड नाही. वारंवार पोट बिघडणे हा स्वभाव नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागे जंत असतील, किडलेले दात असतील, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल, आतड्याची जुनाट सूज असेल. ते शोधायला विष्ठेची आणि रक्ताची तपासणी लागते, गरज पडल्यास सोनोग्राफी. घरात एक वही लागते, तीत तारीख, खाणे, ओकारी, शौच आणि दर आठवड्याचे वजन. खाऊ घालणारा हात एकच हवा. थोडे थोडे खाणे दिवसातून चार वेळा हवे; फक्त पहाटेच पित्त ओकणाऱ्या कुत्र्याला रात्री झोपण्यापूर्वी घासभर दिले तरी अनेकदा ते थांबते. बिघाडाच्या दिवसांत मीठ-मसाला नसलेला मऊ भात आणि कातडी काढलेली उकडलेली कोंबडी पुरते, पण तो कायमचा आहार नव्हे. नवे अन्न आठवडाभरात हळूहळू मिसळावे. डॉक्टरांनी ठरवून दिलेला एकच आहार काही आठवडे निष्ठेने दिला, तर जुनाट जुलाबांची पुष्कळ कुत्री तेवढ्यानेच बरी होतात. फक्त त्या आठवड्यांत एक बिस्किटही चालत नाही, आणि नेमके इथेच आपली घरे हरतात. काळी किंवा रक्ताळलेली विष्ठा, न थांबणारी ओकारी, फुगलेले पोट, पाणीही न घेणे, यांपैकी काही दिसले तर उद्याची वाट पाहू नये. एवढ्या लहान, म्हाताऱ्या देहातले पाणी फार लवकर आटते.

माणसांना औषध मिळत नाही तिथे कुत्र्याचे कसले कौतुक, असा प्रश्न येईल. रस्त्यावरच्या उपाशी माणसाने तो विचारला तर मी मान खाली घालेन. पण तो विचारतो बहुधा तोच, ज्याने पिल्लू हजारो रुपयांना विकत आणले आणि ज्याला आता तपासणीचे पैसे जड झाले. प्राण्याला क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या हितासाठी सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत. त्याच कायद्यात पाळीव जीव वाऱ्यावर सोडण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. रात्रीच्या अंधारात म्हातारे, घाण करणारे कुत्रे दुसऱ्या उपनगरात सोडून येणाऱ्यांना एवढा दंड परवडतो.

हे बदलणार आहे, याविषयी मला शंका नाही. बदल चालू असलेली घरे आजच दिसतात. शाळकरी मुलगी वहीत वजन लिहिते आणि बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर जातो. पहिला विरोध होतो तो आजोबांचा. त्यांना दटावू नये, शेजारी बसून त्या कुत्र्याचा अहवाल वाचून दाखवावा. वीस वर्षे मधुमेहाचे पथ्य सांभाळलेल्या माणसाला ते इतरांआधी कळते.