‘एपीके’ विमान आणि लंडनचं तिकीट: भाव नेमका ठरतो कुठे?

‘एपीके’ म्हटलं की अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल आठवते ना? आता हीच तीन अक्षरं एखाद्या फ्लाइट ट्रॅकर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. नायजेरियातल्या लागोस शहरातून ये-जा करणारी विमानं दिसतील. ‘एअर पीस’ या खाजगी विमान कंपनीचा हा आंतरराष्ट्रीय कोड आहे. पेशाने वकील असलेल्या अ‍ॅलन ओन्येमा यांनी 2013 मध्ये ती काढली आणि 2014 मध्ये तिची प्रवासी विमानं उडू लागली. आज पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत तिचं नाव घेतलं जातं.

तुम्ही म्हणाल, लागोसच्या कंपनीशी आपलं काय देणंघेणं? तर तिकिटाचा भाव आपल्याला मोबाइलवर दिसतो, पण तो ठरतो कुठे, हे समजायला मला यापेक्षा सोपं उदाहरण सापडलं नाही.

स्वस्त तिकीट गायब का झालं?

विमानातल्या इकॉनॉमीच्या सगळ्या सीट सारख्याच असतात, भाव मात्र वेगवेगळे. कंपनी त्या सीट वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटते. यांना ‘फेअर बकेट’ म्हणतात. स्वस्त बकेट संपली किंवा कंपनीने बंद केली, की अ‍ॅप पुढची महाग बकेट दाखवतं.

नायजेरियात 2022-23 मध्ये डॉलरची मोठी टंचाई होती. परदेशी विमान कंपन्या तिकिटं नायरामध्ये विकायच्या, पण ते पैसे डॉलरमध्ये बदलून मायदेशी नेता येईनात. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटाच्या हिशेबाने जून 2023 मध्ये असे सुमारे 85 कोटी डॉलर अडकले होते. एमिरेट्सने तर 2022 मध्ये तिथली सेवाच थांबवली. बाकीच्या अनेक कंपन्यांनी नायजेरियात विकायच्या स्वस्त बकेट बंद केल्या. मग लंडनला शिकायला निघालेल्या मुलाने ब्राउझरची हिस्ट्री उडवली काय नि इन्कॉग्निटो मोड लावला काय, बकेट त्याच्या फोनमध्ये नव्हतीच. ती कंपनीच्या सिस्टिममध्ये बंद होती.

एअर पीसची एन्ट्री

30 मार्च 2024 ला एअर पीसने लागोस ते लंडन गॅटविक ही सेवा सुरू केली. इकॉनॉमीचं जाऊन-येऊन तिकीट सुरुवातीला 12 लाख नायरा ठेवलं. त्या काळात दुसऱ्या कंपन्यांचे भाव याच्या कितीतरी वर होते. थोड्याच दिवसांत त्यांनीही दर खाली आणले. फोन तेच, अ‍ॅप तीच. बदल एकच झाला होता: त्या मार्गावर आणखी एक गडी उतरला होता. त्याच सुमारास तिथल्या मध्यवर्ती बँकेने अडकलेली बहुतेक रक्कम मोकळी केली, त्याचाही हातभार लागला.

पण स्थानिक कंपनीलाही डॉलर चुकत नाही. प्रवासी बरेचसे पैसे नायरामध्ये देतात. विमानाचं भाडं, सुटे भाग, मोठी दुरुस्ती, विमा हे मात्र डॉलरमध्ये. जून 2023 आधी सरकारी दराने डॉलरला सुमारे 460 नायरा पडायचे, 2024 मध्ये हा आकडा 1500 च्या पुढे गेला. म्हणजे तोच सुटा भाग तिप्पट महाग!

विमान कुणाचं, हे फोनवर कसं कळतं?

विमान जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि ती सतत रेडिओवरून प्रसारित करतं. या तंत्राला एडीएस-बी म्हणतात. जमिनीवरचे छोटे रिसीव्हर ते सिग्नल पकडतात आणि अ‍ॅप नकाशावर विमान दाखवतं. सहारा वाळवंटासारख्या ठिकाणी रिसीव्हर कमी, म्हणून तिथे विमान मध्येच गायब झालेलं दिसू शकतं. घाबरू नका, ते उडतच असतं.

अ‍ॅपमध्ये विमानाचा नोंदणी क्रमांकही दिसतो. भारताचा व्हीटीने सुरू होतो, नायजेरियाचा 5एनने. एअर पीसच्या फ्लाइटवर दुसऱ्याच देशाचा क्रमांक दिसला, तर ते बहुधा ‘वेट लीज’वर असतं. म्हणजे विमान, पायलट, देखभाल आणि विमा असं सगळंच भाड्याने. सोय होते, पण बिल पुन्हा डॉलरमध्ये.

भाड्याने विमान देणाऱ्यालाही धाकधूक असते: कंपनी बुडाली तर विमान परत मिळेल का? आपल्याकडे 2023 मध्ये मुंबईची गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा विमानं परत मिळवताना मालकांना महिनोन्‌महिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जिथे अशी जोखीम जास्त, तिथे भाडंही जास्त. नायजेरियाने 2024 मध्ये याबद्दलचे कोर्टाचे नियम स्पष्ट केले, भारताने 2025 मध्ये कायदा केला.

माझं मत

12 लाखांचं तिकीट ही प्रवाशांसाठी चांगली बातमी होती, पण खरी परीक्षा पुढेच आहे. मोठ्या कंपन्या काही काळ तोटा सोसून भाव पाडू शकतात. त्यात नवी कंपनी दमली आणि बाजूला झाली, तर भाव पुन्हा वर जायला वेळ लागत नाही. म्हणून पुढच्या वेळी तिकीट महाग दिसलं तर फोनवर संशय घेण्याआधी एक गोष्ट तपासा: त्या मार्गावर किती कंपन्या उडतात? एक-दोनच असतील, तर अर्धं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.